गुडघेबाई

लोकांचे गुडघे कसे आहेत हे फोनवरून विचारायची तिला नोकरी होती. कानाला यंत्र लावून ती दिवसभर अनोळखी माणसांशी बोलायची. खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो का, जिना उतरताना कठडा धरावा लागतो का, दुखण्यानं झोपमोड होते का, असं एकेक विचारायची आणि समोरच्या पडद्यावर शून्यापासून चारापर्यंतचा आकडा टिपायची. शून्य म्हणजे हाल, चार म्हणजे झकास. ऑफिसात तिला सगळे गुडघेबाई म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. घरी जे ऐकावं लागे त्यापुढे हे नाव म्हणजे लाडच होता.

ऑफिस होतं औषधांच्या एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर. जिन्यात कायम स्पिरिटचा वास. सात इस्पितळांनी मिळून ते थाटलं होतं. गुडघ्याचा झिजलेला सांधा काढून धातूचा बसवायची शस्त्रक्रिया सातही ठिकाणी व्हायची, पण प्रत्येकाला आपल्यापुरतंच दिसायचं. एखाद्या बनावटीचा सांधा लवकर सैल होतोय हे कळायला एका इस्पितळाचे पेशंट पुरत नाहीत. एखाद्याचा बिघडला तर डॉक्टरला वाटतं त्याचं नशीब, घरच्यांना वाटतं माणूसच रडका. म्हणून सातही जणांनी आपापली माहिती एका भांड्यात ओतायची ठरवलं होतं. कोणाला कुठला सांधा बसवला, कुठल्या सिमेंटनं चिकटवला, वर्षानं तो माणूस कसा चालतो. अभ्यास करणाऱ्यांपुढे नावं जात नसत, नुसते क्रमांक जात. नाव आणि फोन नंबर फक्त फोन करणाऱ्यांना दिसायचे, तेही त्या फोनपुरते.

या सगळ्याच्या प्रमुख एक डॉक्टरीणबाई होत्या. पूर्वी त्या स्वतः शस्त्रक्रिया करायच्या. मनगटाचं दुखणं लागलं, हातातली सुरी सुटली, तेव्हापासून आकड्यांच्या मागे लागल्या होत्या. ऑफिसात बूट काढून मोज्यांवर हिंडायच्या आणि फोनवाल्यांच्या पाठीशी उभ्या राहून ऐकायच्या. त्यांचा एकच धोशा असायचा. उत्तर सुचवायचं नाही. समोरचा गप्प बसला तर आपणही गप्प बसायचं, तो आपोआप बोलतो. गुडघेबाईला हे कोणी शिकवावं लागलं नाही. गप्प बसायचा तिचा सराव मोठा होता.

तो सराव सासूबाईंनी करून घेतला होता.

सासूबाई मुलींच्या एका वसतिगृहात मेट्रन होत्या. त्यांच्या चपलांचा आवाज आला की जिन्यातल्या मुली भिंतीला चिकटायच्या. शेकडो मुली त्यांच्या हाताखालून गेल्या आणि एकीनंही नंतर कधी ख्यालीखुशाली विचारली नाही. निवृत्त झाल्यावर वसतिगृह सुटलं, पण हाताखाली कोणीतरी असण्याची सवय सुटेना. मग सून आली. मुलगा काही कामाचा नव्हता. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, आणि घरातही दोघींच्या मधे काचेसारखाच असायचा. आरपार दिसायचं, पण तो आहे हे धडकल्याशिवाय कळायचं नाही.

लग्न झालं तेव्हा सुनेचं संख्याशास्त्राचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. परीक्षेच्या आठवड्यात सासूबाईंची कंबर धरली. अंथरुणातून हलता येईना. सून उशाशी बसून राहिली. शेवटच्या पेपरच्या दिवशी ती औषध आणायला खाली गेली आणि लवकर परतली. दार लोटलं तर सासूबाई स्टुलावर चढून वरच्या फळीवरची बरणी काढत होत्या. सुनेला पाहून त्या दचकल्या नाहीत. सावकाश उतरल्या, बरणी ओट्यावर ठेवली, पलंगावर जाऊन आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "आलीस? पाणी दे."

तिनं पाणी दिलं. पुढच्या वर्षी परीक्षेच्या वेळी सासूबाईंना चक्कर आली. त्याच्या पुढच्या वर्षी तिनं परीक्षेचा विषयच काढला नाही.

चारचौघांत बोलायची सासूबाईंची एक खास पद्धत होती. आवाज चढवायच्या नाहीत. पाहुण्यांसमोर सुनेनं चहा ठेवला की तिच्या पाठीवर हात ठेवून मायेनं म्हणायच्या, "मुलगी गुणी आहे हो. अक्कल तेवढी गुडघ्यात आहे." पाहुणे हसायचे. तीही हसायची, न हसून सांगते कोणाला. तिला ही नोकरी लागली तेव्हा तर सासूबाईंना हसता हसता ठसका लागला. जिथं अक्कल होती तिथंच काम मिळालं म्हणाल्या, आणि पुढे कित्येक महिने येणाऱ्याजाणाऱ्याला तेच ऐकवत राहिल्या.

मग त्यांचाच गुडघा गेला.

हे दुखणं खरं होतं. पाय धनुष्यासारखा वाकला होता, एक्स-रेत हाडाला हाड लागलेलं दिसत होतं. सातांपैकीच एका इस्पितळात त्यांचा उजवा सांधा बदलला. सुनेनं रजा काढली, ड्रेसिंग सांभाळलं, पायाखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून व्यायाम करून घेतला. तिथंच शेजारच्या पलंगावर एक शिंपीणबाई होत्या, त्यांचंही त्याच आठवड्यात झालं होतं. दोघी एकमेकींना पाय वाकवून दाखवायच्या. सासूबाई वॉकर घेऊन घरी आल्या, पुढे काठीवर आल्या, मग काठीही कोपऱ्यात गेली.

आणि काही महिन्यांनी पुन्हा सुरू झालं.

"उठल्यावर पहिल्या पावलाला कळ येते," सासूबाई म्हणाल्या. "वाटीत नाही. खाली, नडगीत. चार पावलं टाकली की जरा कमी होते."

सून ताटं पुसत होती. तिनं मान वर केली नाही. फोनवर जो आवाज लावायची त्याच आवाजात तिनं सांगितलं, की वर्षाच्या आत शंभरातल्या नव्वदजणी बाजारहाट करायला लागतात, ती रोज त्यांच्याशी बोलते. उरलेल्या दहांचं काय, असं सासूबाईंनी विचारलं.

"काहींना आराम आवडतो, आई."

नवरा जेवत होता. तो म्हणाला, "आई, हिला यातलं कळतं."

लग्नानंतर इतक्या वर्षांत या घरात तिच्या बाजूनं निघालेलं ते पहिलं वाक्य. ताट पुसून झालं तरी ती पुसतच राहिली. तिला इतकं बरं वाटलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

तिथून पुढे ती शिकत गेली. सासूबाईंनी माळ्यावरून वॉकर काढून मागितला, तर तिनं सांगितलं की तो आता घेतला तर पाय आळशी होतो. चहा पलंगापाशी नेऊन द्यायची, तो ती खिडकीजवळच्या टेबलावर ठेवायला लागली. सासूबाई पलंगाच्या कडेला बसून त्या चहाकडे बघत राहायच्या. वाफ निघायची बंद व्हायची, वर साय धरायची, मग एकदाच्या उठायच्या. पहिल्या पावलाला त्यांच्या तोंडून जो आवाज निघायचा तो सुनेला स्वयंपाकघरात ऐकू जायचा. ती नळ बंद करायची, नीट ऐकू यावा म्हणून.

ती वाईट बाई होती का? शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं असतं तर एकानंही हो म्हटलं नसतं. तिनं हात उगारला नाही, उपाशी ठेवलं नाही, शब्द वावगा काढला नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. कंबर, चक्कर, छातीतली धडधड, या बाईंची दुखणी तिनं पुरेशी पाहिली होती. लांडगा आला रे आला करणाऱ्याकडे लोकांनी किती वेळा धावायचं? पण असं ती स्वतःला समजवायची तेव्हासुद्धा तिच्या मनाच्या तळाशी एक गोष्ट बसलेली असायची. स्टुलावर चढलेली बाई पहिल्या पावलाला कळवळत नव्हती.

पाहुणे आले की आता ती सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवायची.

वर्ष झालं. एका सकाळी पडद्यावर पुढचं नाव आलं आणि खाली नंबर आला तो तिच्याच घरचा. सासूबाईंच्या उशाशी असलेल्या फोनचा.

नियम साधा होता. ओळखीचं माणूस निघालं तर फोन शेजाऱ्याकडे द्यायचा. तिच्या शेजारच्या टेबलावर एक निवृत्त पोस्टमास्तर बसायचे. सज्जन माणूस, प्रत्येक पेशंटला आधी जेवण झालं का विचारायचा. ते त्या वेळी मोकळेच होते, चष्मा पुसत होते. नुसतं "काका, हा एक तुम्ही घ्या" म्हणायचं होतं.

तिनं फोन लावला नाही. कानाचं यंत्र काढलंही नाही. एकेका प्रश्नासमोर ती चार टिपत गेली. चार, चार, चार. मग थांबली. सगळेच चार असले की खोटं वाटतं, खऱ्या माणसाला कुठंतरी काहीतरी दुखत असतंच. मधे दोन ठिकाणी तिनं तीन केले. मग पुढचं नाव घेतलं. कोणी निवृत्त ड्रायव्हर होता, त्याच्याशी ती नेहमीसारखंच गोड बोलली.

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, वर्षाचा तो फोन असतो तो आईला आला का. ती म्हणाली, आला. आणि त्या बऱ्या आहेत म्हणाल्या.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना मधल्या खोलीत बोलावलं. त्या इतक्या खुशीत होत्या की मोज्यांवरून घसरता घसरता वाचल्या. माहिती एकत्र ओतल्याचं पहिलं फळ हाती आलं होतं. एका बनावटीचा सांधा, एका जातीच्या सिमेंटबरोबर बसवलेला, दोन इस्पितळांत वापरलेला. तेवढ्याच टोळक्यात शून्य आणि एक या आकड्यांची गर्दी झाली होती. काहीजणांना बोलावून एक्स-रे काढले, तर सांध्याखालचं हाड पोखरलेलं निघालं. एकट्या इस्पितळाला हे आणखी कित्येक वर्षं उमगलं नसतं. आता वेळेत कळलं तर छोट्या शस्त्रक्रियेवर भागेल, राहिलं तर हाडच हाताला लागणार नाही.

पोस्टमास्तरांनी विचारलं, म्हणजे आता त्या सगळ्यांनाच बोलवायचं का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इस्पितळांची तेवढी ताकद नाही. ज्यांचे आकडे खाली आहेत त्यांना आधी. जे मजेत आहेत म्हणतात त्यांना नेहमीच्या तपासणीला बघू.

"आणि फोनवर ही खूण लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "उठल्यावर पहिल्या पावलाला कळ. वाटीत नाही, खाली नडगीत. चाललं की थोडी कमी होते. असं कोणी बोललं तर त्याच दिवशी मला सांगायचं."

गुडघेबाईच्या हातात चहाचा कप होता. तो तिनं खाली ठेवला. आजूबाजूला लोक लिहून घेत होते. तिला लिहून घ्यायची गरज नव्हती.

घरी जाताना ती बसनं न जाता चालत गेली. काय बोलायचं याची जुळवाजुळव तिनं केली. चुकून राहून गेलं म्हणता येईल. आकडा दुरुस्त करता येईल, मशीन चुकलं म्हणता येईल. उद्या पोस्टमास्तरांना फोन करायला लावायचा, की झालं. तीन जिने चढेपर्यंत तिचं ठरलंसुद्धा होतं.

सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. घरात त्या एकट्याच. खिडकीजवळच्या टेबलावर सकाळचा चहा तसाच होता. त्यांनी सुनेकडे पाहिलं. त्या नेहमीच्या नजरेतलं काही त्या दिवशी नव्हतं.

"जरा हात देतेस का गं," त्या म्हणाल्या. "मला उठवत नाही."

हे असं त्या कधीच बोलल्या नव्हत्या. पाणी दे, ते उचल, इकडे ये, अशीच त्यांची भाषा. त्या दिवशी त्या काही लागेलसं बोलल्या असत्या तर कदाचित सुनेनं सांगूनही टाकलं असतं, तुमचा सांधा सैल झालाय, उद्या इस्पितळात जाऊ. पण त्यांनी हात मागितला. आणि ते वाक्य ऐकल्यावर तिला ते परत ऐकावंसं वाटलं.

"स्वतः उठा, आई," ती म्हणाली. "सवय राहते."

दुसऱ्या दिवशी तिनं पोस्टमास्तरांना काही सांगितलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर तर सांगणंच अवघड होऊन बसलं, कारण आधी का नाही सांगितलं हे सांगावं लागलं असतं. ती मात्र रोज खाली आकडे असलेल्या लोकांना फोन करत होती, एक्स-रेच्या तारखा देत होती. लोक तिला दुवा देत होते. त्यांत ती शिंपीणबाईही होती.

याच सुमारास डॉक्टरीणबाईंनी तिला खोलीत बोलावून घेतलं. दुसऱ्या गावी आणखी काही इस्पितळं यात सामील होणार होती, तिथल्या फोनवाल्यांना तयार करायला माणूस हवं होतं. तिथं राहून संख्याशास्त्राची राहिलेली परीक्षाही देता येईल, पुढे अभ्यासाच्या कामात घेता येईल. तिनं नवऱ्याला विचारलं. काचा कुठंही घासता येतात, तो म्हणाला. सासूबाईंना नणंदेकडे ठेवायचं ठरलं. नणंद फोनवर फार आनंदानं हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. सुनेनं नव्या गावातल्या घराच्या खिडक्या मनातल्या मनात मोजून पडदेसुद्धा लावले.

आणि सासूबाई जिन्यावरून पडल्या.

भर दुपारची गोष्ट. घरात कोणी नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर त्यांचा उजवा पाय सांध्याखालून दुमडला. खालच्या मजल्यावरचा इलेक्ट्रिशियन धावला, त्यानंच इस्पितळात पोचवलं. सून आणि नवरा पोचले तेव्हा त्या ट्रॉलीवर होत्या. अंगावर बाहेर जायचे कपडे होते, हातात पर्स घट्ट धरलेली. पायाच्या आकाराकडे बघवत नव्हतं.

सर्जन तरुण होता. त्यानं एक्स-रे दिव्यासमोर धरला. सांध्याखालचं हाड भिजलेल्या बिस्किटासारखं झालं होतं. त्याला खरोखरच कळत नव्हतं. या बनावटीच्या सगळ्या त्रासवाल्या पेशंटांना बोलावून झालं होतं, बहुतेकांचं काम वेळेत झालं होतं. मग या कशा राहिल्या?

"वर्षानं तुम्हाला फोन आला नव्हता का?" त्यानं विचारलं.

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. ती ट्रॉलीचा दांडा धरून उभी होती.

सासूबाईंनी डोळे उघडले. वेदनेनं त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण आवाज जिन्यातल्या मुली भिंतीला चिकटवणारा होता.

"आला होता," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं, छान चाललंय."

सर्जननं निःश्वास टाकला. म्हातारी माणसं अशीच, दुखणं अंगावर काढतात, असं काहीसं तो बोलला. नवऱ्यानं आईचा हात हातात घेतला आणि रडायला लागला. सुनेला वाटलं आईंना वाताचा भ्रम झालाय. मग वाटलं, मरणाच्या दारात माणूस मोठ्या मनाचं होतं म्हणतात, ते हे असेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत त्या बाईबद्दल तिला पहिल्यांदा माया वाटली, आणि ती माया दोनतीन आठवडे टिकलीही.

तेवढ्या अवधीत त्यांच्या तीन शस्त्रक्रिया झाल्या. लांब दांड्याचा सांधा बसवला, त्यात पू झाला म्हणून सांधाच काढावा लागला. शेवटी मांडीचं आणि नडगीचं हाड सळईनं एकमेकांत जोडून टाकलं. पाय वाचला, पण आता तो कधीही वाकणार नव्हता. ओंडक्यासारखा सरळ राहणार होता.

एका दुपारी नवरा औषधं आणायला गेला होता. शेजारचा पलंग रिकामा होता. सून सासूबाईंचे केस विंचरत होती.

"फोन आला नव्हता," सासूबाई म्हणाल्या.

कंगवा केसांत थांबला.

"शिंपीणबाई भेटायला आली होती. मी पडले त्याच्या आदल्या दिवशी. टाचा आपटत तीन जिने चढून आली. म्हणाली, फोनवर एक बाई होती, इतकी गोड बोलली, अगदी तुमच्या सुनेसारखा आवाज. तिनंच एक्स-रेला पाठवलं. मी म्हटलं असेल, सारखे आवाज असतात." त्या जरा थांबल्या, श्वास घेतला. "मग मीच दुसऱ्या दिवशी निघाले. एक्स-रे काढून घ्यायला. तुला विचारून तू नेणार नव्हतीस, आणि तो तुला विचारल्याशिवाय हलला नसता."

सून गप्प राहिली. सासूबाईही गप्प राहिल्या. शेवटी सूनच बोलली.

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"सांगून काय झालं असतं? तुझी नोकरी गेली असती. त्यानं तुला घराबाहेर काढलं असतं, नाहीतर तू आपण होऊन गेली असतीस." सासूबाईंनी मान थोडी वळवली, विंचरायला सोपं जावं म्हणून. "मग मला कोणी उठवलं असतं? लेकीकडे मी जाणार नाही. तिथं मला तोंड मिटून राहावं लागेल. तू ते दुसऱ्या गावाचं काय ते रद्द करून टाक."

"आणि नाही केलं तर?"

"तर मला आठवेल की फोन आला नव्हता. म्हाताऱ्या माणसाला आठवतं उशिरा." मग त्या म्हणाल्या, "थांबलीस का? मागून गुंता राहिलाय."

तिनं गुंता सोडवला.

डॉक्टरीणबाईंना तिनं नकार कळवला तेव्हा त्यांना वाईट वाटलं, पण कारण ऐकून त्या गहिवरल्या. आजच्या काळात सासूसाठी एवढं कोण करतं, असं त्यांनी सगळ्या ऑफिसला सांगितलं. ती जागा पोस्टमास्तरांच्या भाचीला मिळाली. पुढे अभ्यास छापून आला, त्या बनावटीचा सांधा सगळीकडे वापरातून गेला. हजारो माणसांचे पाय वाचले हे खरंच होतं. ऑफिसात केक कापला. तिनं कागदी बशी हातात घेऊन डॉक्टरीणबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, की समजा एखाद्याचं उत्तर चुकीचं नोंदलं गेलं असतं तर निष्कर्ष बदलला असता का.

त्या हसल्या. एवढ्या ढिगात एकानं काय होतं म्हणाल्या, ओरखडासुद्धा उठत नाही. माहिती एकत्र करायची ती त्यासाठीच तर.

तिला धीर यावा म्हणून त्या बोलल्या होत्या. ती बशी ठेवून बाहेर गेली आणि जिन्यातल्या स्पिरिटच्या वासात बराच वेळ उभी राहिली. तिनं जे केलं त्यानं जगात कुणाचंही काही बिघडलं नव्हतं, एका बाईशिवाय, आणि ती बाई घरी तिची वाट बघत होती.

आता ती अर्धा दिवसच ऑफिसात जाते. सासूबाईंना उठवायचं म्हणजे आधी पाय दोन्ही हातांनी उचलून पलंगाखाली सोडायचा, मग काखेत हात घालून ओढायचं. बसल्या की पाय समोर आडवा राहतो. त्याच्यासाठी खोलीत स्टूल ठेवलंय, सगळे वळसा घालून जातात. त्या दिवसातून पुष्कळदा उठतात. बसल्या की पाणी हवं असतं, पाणी आलं की खिडकी लावायची असते, खिडकी लावली की परत आडवं व्हायचं असतं. पाहुणे आले की त्या सुनेचं कौतुक करतात. पोटची लेक करणार नाही एवढं करते म्हणतात. आता गुडघ्यांवरून विनोद करत नाहीत.

नवऱ्यानं एकदाच विचारलं. जेवता जेवता, ताटातून मान वर न करता. तो फोन खरंच आला होता ना? ती म्हणाली, आला होता. त्यानं आणखी थोडा भात घेतला.

मागच्या आठवड्यात इस्पितळातून घरी तपासायला डॉक्टर आले होते. रक्तदाब, साखर, छाती सगळं तपासलं. पाठीवर एक फोड नाही, टाचेला जखम नाही. झोपून असणाऱ्या माणसाची इतकी निगा त्यांनी फार कमी घरांत पाहिली होती. ते सासूबाईंना म्हणाले, तुमचं हृदय तरण्या माणसाचं आहे, आजी. सूनबाई अशीच बघत राहिल्या तर अजून वीस वर्षं तुम्हाला काही होत नाही.

"ऐकलंस ना?" सासूबाई म्हणाल्या.

तिनं ऐकलं होतं. ती डॉक्टरांना दारापर्यंत पोचवून आली, कडी लावली, आणि सासूबाईंना आडवं व्हायचं होतं म्हणून वाकून त्यांचा पाय उचलला.